रेतीबंदरातली रेती

डोंबिवली पश्चिमेला रिक्षात बसून ‘रेतीबंदर’ एवढेच सांगितले, की रिक्षा मोठागावच्या खाडीकडे वळते. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ रेतीबंदर आहे, मुंब्र्याला आहे, कळव्यालाही आहे. उल्हास नदीच्या अखेरच्या टप्प्यात एकाच नावाच्या इतक्या जागा सापडतात, त्यामागे नदीचा एक साधा नियम आहे. तो समजला की आपल्या पायाखालच्या मातीचा अर्धा इतिहास उलगडतो.

उल्हास राजमाचीच्या परिसरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास करून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. भातसा आणि काळू या नद्यांचे पाणीही कल्याणच्या आसपास तिच्यातच येते. सह्याद्री उतरताना पाण्याला एवढा जोर असतो, की ते मोठाले धोंडे ढकलत नेते. सपाटीवर तो जोर ओसरतो आणि नदी ओझे उतरवू लागते. आधी गोटे, मग खडी, मग रेती. कल्याणपर्यंत समुद्राची भरती येते. समोरून भरतीचे पाणी आले की नदीचा वेग आणखी मंदावतो आणि उरलीसुरली रेती तिथेच बसते. म्हणून ही बंदरे नेमकी कल्याण ते कळवा या पट्ट्यात आहेत. त्याहून बारीक गाळ पुढे खाजणात जातो आणि तिवरांच्या मुळांशी चिखल होऊन साचतो.

कणाचे मोजमाप

मातीच्या शास्त्रात वाळू, पोयटा आणि चिकणमाती ही नावे कणाच्या आकारावरून ठरतात. २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू. ०.०५ ते ०.००२ मिलिमीटर म्हणजे पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. हा फरक हाताला कळतो. ओली माती मुठीत दाबून बोटांमध्ये तिची पट्टी काढून पाहावी. रेताड मातीची पट्टी निघत नाही, ती लगेच विस्कटते. पोयट्याची माती पिठासारखी मऊ लागते आणि थोडी लांबून तुटते. चिकणमातीची लांब, गुळगुळीत पट्टी निघते.

पाण्याशी मातीचे नाते या आकारावरच अवलंबून असते. वाळूच्या मोठ्या कणांमध्ये मोठ्या फटी असतात. तिच्यात तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी सहज मुरते, भारी चिकणमातीत मात्र जेमतेम १ ते ५ मिलिमीटर. पण जे झटकन आत जाते ते झटकन खालीही उतरते. एक मीटर खोल रेताड जमीन पिकाच्या मुळांसाठी साधारण ६० ते १०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. चिकण-पोयट्याची जमीन त्याच्या जवळपास दुप्पट धरते. खतांचेही तसेच. वाळूच्या कणाला अन्नद्रव्ये चिकटत नाहीत, पावसाबरोबर वाहून जातात. म्हणून अशा जमिनीत शेणखत भरपूर, पाणी थोडे थोडे पण वरचेवर, असे धोरण ठेवावे लागते.

आपल्या रेतीचा रंगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. गंगा-यमुनेची वाळू चमकते, कारण तिच्यात गारेचे आणि अभ्रकाचे कण भरपूर असतात. उल्हासची रेती काळसर करडी असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेल्या काळ्या पाषाणाचा तो भुगा आहे. या पाषाणात गार जवळपास नसतेच. त्याच्या पोकळ्यांत भरलेल्या गारगोटीचे तुकडे तेवढे रेतीत पांढरे दिसतात. काळ्या पाषाणाचा कण हवा-पाण्याने लवकर कुजतो आणि त्याची चिकणमाती होत जाते. त्यामुळे आपल्याकडची रेती एका जागी पडून राहिली, तर काळाच्या ओघात तिची माती होते.

नदीच्या पायऱ्या

टिटवाळा किंवा खडवलीला उन्हाळ्यात नदीकाठी उतरले, तर काठ पायऱ्या-पायऱ्यांनी खाली गेलेला दिसतो. सर्वांत खाली चालू पात्र, त्याच्या कडेला रेतीचा बांधोडा, त्यावर दरवर्षी पुरात बुडणारी मळई आणि त्याहून वर क्वचितच बुडणारी जुनी सपाटी. ही वरची सपाटीही कधीकाळी पुराचीच जमीन होती. पुढे नदीने आपले पात्र खोल केले आणि ती उंचावर राहिली.

ठाण्या-कल्याणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने ही रेताड पायरी वाळवंटासारखी कोरडी होते. तरीही शेतकऱ्याने तिचा उपयोग ओळखला. खाली पोयटा असेल तिथे भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो. नदीलगत उपसा करता आला, तर भाजीचा मळा होतो. शहापूर भागातल्या पाड्यांवर तर रेतीचा याहून मोलाचा उपयोग आहे. ओढा आटला की बायका पात्रातल्या रेतीत खड्डा करतात. त्याला डवरा म्हणतात. रेतीतून पाझरून येणारे पाणी वाटीवाटीने भरून हंड्यात घेतात. वर कोरडी दिसणारी रेती आत पाणी सांभाळते आणि उन्हापासून झाकते. रेती काढून नेली, तर हे साठवणही तिच्याबरोबर जाते.

घाटापलीकडची वही

खऱ्या अर्थाने कोरड्या मुलखातल्या नदीच्या पायऱ्या पाहायच्या, तर माळशेज चढून प्रवरेकाठी जावे. संगमनेर-नेवाशाकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडचा पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो. तिथे तो जमिनीतच राहतो आणि त्याचे पांढरट खडे होतात. फिकट पिवळसर गाळाच्या उंच दरडी, त्यांना पडलेल्या घळी आणि तळाशी चुन्याने घट्ट झालेली खडी, हे तिथले दृश्य. या खडीत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ दरम्यान नेवाशाला उत्खनन केले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ताम्रपाषाणयुगीन संस्कृती ओळखली जाते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी नदीच्या काठावरच वसले होते.

डेक्कन कॉलेजमधलेच शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठातले विश्वास काळे यांनी दख्खनच्या नद्यांचा हा गाळ वाचला. हिमयुगाच्या अखेरच्या काळात मान्सून दुबळा होता, नद्यांना ओझे वाहवत नव्हते, म्हणून पात्रे गाळाने भरत गेली. पुढे मान्सून बळावला आणि त्याच नद्यांनी तो गाळ कापून पात्रे खोल केली. म्हणजे काठावरची प्रत्येक पायरी ही पावसाच्या बदलाची नोंद आहे. उल्हासच्या काठाकडेही याच नजरेने पाहायला हवे.

उपसलेले काठ

खाडीतली रेती पूर्वी हातपाटीने निघे. माणूस बुडी मारून पाटी भरी आणि होडीत रिकामी करी. माणसाच्या दमाला मर्यादा होती, म्हणून उपशालाही होती. सक्शन पंप आले आणि ती मर्यादा संपली. तळ खोल झाला की काठ आधार सुटून ढासळतो आणि खारे पाणी वर सरकते. मुंब्र्याला तर लोहमार्ग खाडीला खेटून जातो. काठ खचणे तिथे किती धोक्याचे, हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातल्या रेती उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. दुसरीकडे भातसा, बारवीसारखी धरणे वरून येणारी रेती अडवतात. वरून आवक कमी आणि खालून उपसा, अशा कात्रीत नदी सापडली आहे.

त्यातच मळईवर भराव पडतो आहे. मुरूम टाकून जमीन उंच केली, तरी पुराचे पाणी कुठेतरी पसरणारच. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाणी पसरले ते नदीच्या जुन्या हक्काच्या जमिनीवर. मळई मोकळी ठेवणे, काठावर वाळुंज, करंज, उंबर राखणे आणि अंगणात फरशीऐवजी थोडी माती उघडी ठेवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

या दिवाळीत मुलांनी किल्ल्यासाठी माती आणली, तर त्यातली मूठभर काचेच्या बाटलीत घाला, पाणी भरा, जोरात हलवा आणि बाटली खिडकीत ठेवा. मिनिटभरात वाळू तळाशी बसेल. काही तासांत तिच्यावर पोयटा बसेल. चिकणमातीने गढुळलेले पाणी निवळायला दुसरा दिवस उजाडेल, कधी त्याहूनही उशीर लागेल. राजमाचीपासून खाजणापर्यंत उल्हास जे करत आली, तेच मुलांना त्या बाटलीत दिसेल. मग त्यांना घेऊन रेतीबंदरावर जा आणि हे नाव कशावरून पडले ते सांगा.