पहिल्या घासाची घाई नको

बरं का बाळांनो, आज अशा एका पिल्लाची गोष्ट, ज्याला जन्मल्यावर आठ-दहा दिवस भूकच लागत नाही.

पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन या देशांत बॉल पायथन नावाचा अजगर राहतो. बेनिनमधल्या वीदा गावात तर अजगरांचं देऊळच आहे. अमेरिका-युरोपात लोक हाच अजगर हौसेनं पाळतात. त्यांच्या घरी अंडी फुटली की पहिली काळजी ठरलेली: पिल्लू खात का नाही?

मादी एका वेळी साधारण 4 ते 10 अंडी घालते. उबवणीच्या पेटीत 31-32 अंश ऊब मिळाली की 55 ते 60 दिवसांत पिल्लांचे दिवस भरतात. अंड्याचं कवच ठिसूळ नसतं, चिवट असतं. पिल्लाच्या वरच्या ओठाशी एक इवलासा दात असतो. त्यानं ते आतून चीर पाडतं, नाक बाहेर काढतं आणि तिथंच थांबतं. तासन् तास, कधी दिवसभर.

“अडकलं का हो आजोबा?”

छे! अंड्यातला उरलासुरला बलक ते पोटात ओढून घेत असतं. आईनं बांधून दिलेली शिदोरीच ती! त्या शिदोरीवर त्याचे पहिले दिवस आरामात निघतात. आठवडा-दोन आठवड्यांनी पिल्लू पहिली कात टाकतं आणि त्यानंतर कुठे त्याची भूक जागी होते.

आता जेवण काय? उंदराचं पिल्लू. तेही बेतानं, अजगराच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढंच. बरेच जण बर्फातला मेलेला उंदीर आणून कोमट पाण्यात ठेवतात आणि चांगला गरम करतात. अजगराच्या ओठांवरच्या खवल्यांत बारीक खळगे असतात, त्यांना समोरची ऊब जाणवते. मिट्ट काळोखातही शिकार कुठं आहे ते त्याला कळतं. म्हणून उंदीर गार राहिला, तर त्याच्या लेखी ती शिकारच नव्हे.

रात्री दिवा मालवून, लांब चिमट्यात धरलेला उंदीर लपायच्या खोक्यासमोर हळूच हलवायचा. जीभ दोनदा लवलवते, मान मागे येते आणि खटकन झडप! लगेच वेटोळी पडतात. शिकार थंडावली की पिल्लू तिचं डोकं शोधतं. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढं हाडानं जुळलेले नसतात, मध्ये ताणणारी दोरी असते. एक बाजू पुढं सरकते, मागं वळलेले दात रुततात, मग दुसरी बाजू सरकते. तोंड गच्च भरलं तरी जीव गुदमरत नाही, कारण श्वासनळीचं तोंड ते पुढं काढून ठेवतं.

यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर घेतलेलं सगळं ओकून टाकतं. आत केवढं काम चाललेलं असतं! याच्या भावकीतल्या बर्मी अजगरात शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं: जेवणानंतर दोन दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं, आणि पचन संपलं की ते पुन्हा आकसतं. रिकाम्या पोटी एवढा कारखाना तो चालू ठेवतच नाही, म्हणून त्याला उपास सोसतो.

“आजोबा, आपण आणायचा एक?”

आपल्याकडचा अजगर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. तो घरात ठेवणं गुन्हा आहे. दिसला तर लांबूनच बघायचा.

“आणि तिकडच्या पिल्लानं खाल्लंच नाही तर?”

उंदीर उचलायचा, पिल्लाला एकटं सोडायचं, पाच-सहा दिवसांनी पुन्हा द्यायचा. तोवर ऊब नीट आहे ना, लपायला अंधारी, अरुंद जागा आहे ना, ते तपासायचं, कारण भेदरलेलं पिल्लू खात नाही. आणि वजनकाटा जवळ ठेवायचा. वजन टिकून असेल तर गप्प बसायचं, झपाट्यानं घटू लागलं तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. पण तोंड उघडून घास कोंबणं हा नवख्या माणसाचा उद्योग नव्हे. मुकाट्यानं वाट बघता आली पाहिजे. नाहीतर अजगर पाळण्याच्या फंदात पडू नये!