छापा, काटा आणि बारा फोडी

स्टॅटिस्टिक्स शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाने हे गणित सोडवलेलं असतं: एक नाणं १०० वेळा उडवलं, ६० वेळा छापा पडला. नाणं खरं की खोटं? वहीत पाच ओळींत उत्तर निघतं. नाणं खरं आहे असं धरून चालायचं. हे झालं एच-नॉट, म्हणजे शून्य परिकल्पना. खऱ्या नाण्याचे सरासरी ५० छापे, प्रमाण विचलन ५. आपले ६०, म्हणजे सरासरीहून १० जास्त. १० भागिले ५, झेड आला २. तक्त्यात पाच टक्क्यांसमोर १.९६. 'कॅल व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा जास्त, म्हणून एच-नॉट रिजेक्ट.' खाली दोन रेघा, पूर्ण मार्क.

आता तेच गणित तक्ता बाजूला ठेवून, एकेक शक्यता मोजून करा. खरं नाणं १०० वेळा उडवल्यावर ६० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ४० किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता येते ५.६९ टक्के. पाचाच्या वर! एच-नॉट शाबूत. नाणं तेच, छापे तेच आणि निकाल उलटा. कारण तक्ता आहे गुळगुळीत, घंटेच्या आकाराच्या वक्राचा. छापे मात्र पायरीपायरीने चढतात, ५९ आणि ६० च्या मधे काही नसतं. ६१ छापे पडले असते तर दोन्ही वाटांनी नाणं खोटंच ठरलं असतं.

आणि ही पाच टक्क्यांची रेघ आली कुठून? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात 'विसात एक' हे प्रमाण सोयीचं म्हणून घेतलं. ती रेघ माणसाने ओढलेली आहे हे ज्याला पहिल्या आठवड्यात कळलं, त्याला पुढचा सगळा विषय सोपा जातो असं माझं ठाम मत आहे.

नजरकैदेत १०,००० वेळा

नाणं खरोखर उडवत बसलेला माणूस हवा असेल तर जॉन केरिच. दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे हे गणितज्ञ १९४० साली डेन्मार्कला गेले आणि तेवढ्यात जर्मन फौजा तिथे घुसल्या. नजरकैदेच्या काळात त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवलं आणि प्रत्येक वेळेची नोंद केली. छापे पडले ५,०६७. सोडवा बघू! अपेक्षित ५,०००, प्रमाण विचलन ५०, झेड १.३४. नाण्यावर संशय घ्यायला जागा नाही. गंमत बघा, १०० पैकी १० छापे जास्त पडले तर भुवया उंचावतात, आणि इथे चक्क ६७ जास्त पडूनही नाणं निर्दोष. फरक किती, याला एकट्याने अर्थ नाही. तो फरक प्रमाण विचलनाच्या किती पट, ते विचारायचं.

आठ कप चहा, आठ फोडी आंबा

इंग्लंडमधलं रॉदमस्टेडचं शेती संशोधन केंद्र, १९२०चं दशक. शेवाळाच्या अभ्यासक म्युरियल ब्रिस्टॉल यांना फिशरनी चहाचा कप पुढे केला, तो त्यांनी नाकारला. कपात दूध आधी घातलेला चहा त्यांना आवडायचा, आणि आधी काय घातलंय ते चवीवरून ओळखता येतं असं त्यांचं म्हणणं होतं. (आपल्याकडे दूध-पाणी एकत्रच उकळतं, त्यामुळे हा वाद आपल्या स्वयंपाकघरात कधी झाला नाही.) त्यावरून फिशरनी १९३५च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात प्रयोग मांडला: आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम कसाही. चार ओळखून दाखवा. आठातून चार निवडण्याच्या रीती ७०. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक, म्हणजे १.४ टक्के.

ब्रिस्टॉलबाईंचं पुढे काय झालं ते फिशरनी त्या पुस्तकात लिहिलंच नाही. त्यांनी सगळे कप बरोबर ओळखले, ही गोष्ट तिथे हजर असलेल्या एकाच्या आठवणीतून कितीतरी वर्षांनी छापली गेली.

हा प्रयोग आमच्या घरी आंब्यावर झाला. माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, मूळचे रत्नागिरीकडचे. देवगड हापूस आणि कर्नाटकी आंबा डोळे मिटून ओळखतो, हा त्यांचा शब्द. मे महिन्यात एका रविवारी आम्ही आठ वाट्या मांडल्या, चार देवगडच्या फोडी, चार कर्नाटकी. सालं काढलेली, सगळ्या फोडी सारख्याच गार, क्रम मुलीने चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. अप्पा पाठ करून बसले. पहिली फोड जिभेवर ठेवून ते कितीतरी वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ही आपली." देवगडच्या म्हणून त्यांनी चार फोडी वेगळ्या काढल्या, त्यांतल्या तीन बरोबर निघाल्या.

टाळ्या पडल्या. मग मुलीने कागद घेतला. चारपैकी निदान तीन बरोबर येण्याच्या रीती: सगळ्या बरोबर १, एक चुकलेली १६, मिळून १७. सत्तरात सतरा म्हणजे २४ टक्के. आंबा जन्मात न चाखलेल्या माणसालाही नुसत्या अंदाजाने चारातून एकदा हे जमेल. "म्हणजे मला ओळखता येत नाही?" अप्पांनी विचारलं. "तसं नाही आजोबा," ती म्हणाली, "सिद्ध झालं नाही, एवढंच."

तिचं उत्तर अगदी बिनचूक होतं. उत्तराच्या शेवटी आपण 'एच-नॉट अ‍ॅक्सेप्ट' असं बिनदिक्कत लिहितो, तिथेच गाडी घसरते. कोर्टात आरोपी पुराव्याअभावी सुटतो. त्याने गुन्हा केलाच नाही, असं काही त्यावरून ठरत नाही. टेबल व्हॅल्यू ओलांडली गेली नाही, तर 'एच-नॉट नाकारता आलं नाही' एवढंच लिहावं.

चौघांतला बांधलेला

टी-चाचणीवर 'स्टुडंट' असं नाव असतं आणि ती कुण्या विद्यार्थ्याने शोधली असेल असं अनेकांना वाटतं. हा 'स्टुडंट' म्हणजे विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला असलेला. सातू, हॉप्स यांची परीक्षा करायची, आणि नमुने मिळायचे चार-पाच. इतक्या कमी नमुन्यांवर १.९६ लावणं धोक्याचं, हे त्याला जाणवत होतं. कारखान्याच्या शिस्तीमुळे स्वतःच्या नावाने छापता येत नव्हतं, म्हणून १९०८चा लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने आला.

कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी त्याने हाताने केलेलं काम बघा. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी, पोलिसांसाठी घेतलेली ही मापं त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली. तुकडे नीट पिसले. मग चार-चारांचे ७५० गट पाडले आणि प्रत्येक गटाचं गणित करून आपलं सूत्र ताडून पाहिलं. म्हणून आज तक्त्यात चार नमुन्यांसाठी १.९६ ऐवजी ३.१८ असतं. ते सापडतं ३ या स्वाधीनता मात्रेसमोर. चार असताना तीन का? चौघांची सरासरी एकदा ठरली की तिघे हवं तिथे फिरायला मोकळे, चौथा बांधलेला. याच हिशेबावरून कार्ल पिअर्सन आणि फिशर यांचं चांगलंच बिनसलं. दोन बाय दोनच्या काय-वर्ग तक्त्यात पिअर्सन ३ धरत, फिशर म्हणत १. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी १ लिहितो.

पिअर्सन यांच्या १९००च्या काय-वर्ग लेखात फाशांचंही एक सुंदर गणित आहे. रफाएल वेल्डन यांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकले, एकूण ३,१५,६७२ फासे. पाच किंवा सहा पडायला हवे तिसरा हिस्सा, ३३.३३ टक्के, पडले ३३.७७. डोळ्याला न दिसणारा फरक, पण झेड निघतो ५.२. फासे समतोल नव्हते.

सत्तावीस ज्योतिषी, चाळीस पत्रिका

परिकल्पना परीक्षणाचं मराठी वाचकाला सर्वात जवळचं उदाहरण पुण्यातलं आहे, आणि ते प्रत्येक वर्गात शिकवलं जावं असं मला मनापासून वाटतं. २००८च्या सुमाराला जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, तसंच नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सोबतीने ज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार मुलं आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, त्यांच्या जन्मवेळेवरून पत्रिका तयार केल्या. भाग घेतलेल्या ज्योतिषाला त्यांतल्या ४० द्यायच्या आणि त्याने सांगायचं, हे मूल कोणत्या गटातलं. पत्रिका कुणाची, हे सांकेतिक क्रमांकाआड झाकलेलं.

२७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणेफेक करूनही ४० पैकी २० बरोबर यावीत. सगळ्यांची सरासरी त्याच्याही खाली राहिली. सर्वात जास्त गुण होते २४. शिवाय एका संस्थेने २०० पत्रिका घेतल्या, त्यांचे १०२ बरोबर आले. नारळीकरांनी हे सगळं २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं.

आता पेन्सिल घेऊया. २४ गुण बरे वाटतात, ६० टक्के! पण नाणेफेकीने २४ किंवा जास्त येण्याची शक्यता १३.४ टक्के. २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांतल्या साडेतीनेक जणांना एवढे गुण पडले असते. प्रत्यक्षात पडले एकाला. २८ गुण मिळाले असते तर मात्र गोष्ट वेगळी. ते अंदाजाने येणं शंभरात एकदाही होत नाही.

वर्गातल्या गणितात माणूस एकच असतो, म्हणून ही 'सत्तावीस जण' भानगड तिथे दिसत नाही. खरं तर ती रोजची आहे. काहीच फरक नसलेल्या वीस गोष्टींची पाच टक्क्यांवर चाचणी घ्या, निदान एक तरी 'सार्थक' निघण्याची शक्यता ६४ टक्के. अमेरिकेतल्या क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो ठिपके एकेक करून तपासल्यावर माशाच्या मेंदूत 'हालचाल' सापडली. अनेक चाचण्यांची दुरुस्ती लावताच ती नाहीशी झाली. या कामाला २०१२चं इग नोबेल मिळालं. हिग्ज बोसॉन शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ पाच टक्क्यांवर का थांबले नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. जुलै २०१२ मध्ये त्यांनी पाच सिग्माची, म्हणजे प्रमाण विचलनाच्या पाचपट फरकाची, पातळी गाठल्यावरच घोषणा केली, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक.

एच-नॉट गेलं, मग काय राहिलं?

लंडनचे डॉक्टर जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या. १६२९ ते १७१०, सलग ८२ वर्षं मुलगे मुलींपेक्षा जास्त. दोन्हींची शक्यता समान असेल तर हे घडणं म्हणजे ८२ वेळा ओळीने छापा. एकावर चोवीस शून्यं, त्याहूनही मोठ्या संख्येत एक! समान शक्यतेची परिकल्पना त्यांनी फेटाळली, ते बरोबरच होतं. त्यावरून हा ईश्वरी योजनेचा पुरावा आहे असंही म्हटलं. ते मात्र त्या चाचणीतून येत नाही. मुलग्यांचा जन्मदर मुळातच थोडा जास्त असतो. चाचणी 'हे नव्हे' म्हणते आणि गप्प बसते. 'मग काय?' याचं उत्तर आपल्याला शोधावं लागतं.

साताऱ्याहून लंडन

चुका दोन तऱ्हांच्या असतात, ही मांडणी येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन (कार्ल यांचा मुलगा) यांची. निरपराध्याला शिक्षा ही पहिल्या प्रकारची चूक, गुन्हेगार सुटला तर दुसऱ्या प्रकारची. १९३०च्या दशकात लंडनला या दोघांच्या सहवासात शिकलेल्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे होते. पुढे त्यांनी विनायक पानसे यांच्याबरोबर शेतीच्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं. शेतातही या चाचण्या चालतात हे त्यात दाखवलं. आणि ज्या विभागातले कुंटे पत्रिकांच्या चाचणीत होते, तो १९५३ साली उभा केला कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजार यांनी.

दुसऱ्या प्रकारची चूक कमी करायला नमुना वाढवायचा. आमच्या आठ फोडींत अप्पांना एकही चूक परवडत नव्हती. बारा घेतल्या, सहा-सहा, तर निवडण्याच्या रीती होतात ९२४. सहाही बरोबर १, एक चुकलेली ३६, मिळून ३७. म्हणजे ४ टक्के. बारा फोडींत एक चूक माफ आहे, तरी पाचाच्या आत. मुलीने हा हिशेब फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. अप्पांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि येत्या मे महिन्यासाठी दोन अटी घातल्या: दोन्हीकडचे आंबे सारखेच पिकलेले हवेत, आणि दर फोडीनंतर घोटभर पाणी.