उघडी गिरणी, गुप्त दळण

ही हकिकत १९६० च्या दशकातली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एक मोठा संगणक होता. पुष्कळ जण तो आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरत. प्रत्येकाला स्वतःचा परवलीचा शब्द असे. एकदा काय झाले, एक व्यवस्थापक सर्वांसाठी रोजची सूचना लिहीत बसला होता आणि त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. आज्ञावलीच्या रचनेतील दोषामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. मग जो कोणी काम सुरू करी, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले!

यादी आणखी मजबूत तिजोरीत ठेवायला हवी होती, असे तुम्ही म्हणाल. पण तिजोरी केव्हा तरी उघडी राहतेच. ‘युनिक्स’ या प्रणालीतही सुरुवातीला परवलीचे शब्द जसेच्या तसे साठवले जात. पुढे बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी वेगळाच मार्ग धरला. शब्द साठवायचेच नाहीत!

मग संगणक माणसाला ओळखणार कसा? असे समजा, की परवलीचा शब्द म्हणजे गहू. ते एका गणिती गिरणीत दळायचे आणि पीठ तेवढे जपून ठेवायचे. त्याच गव्हाचे दर वेळी तेच पीठ निघते. पिठाचे पुन्हा गहू मात्र होत नाहीत. तुम्ही शब्द टंकलिखित केलात, की संगणक तो पुन्हा दळतो आणि नवे पीठ जुन्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडते.

चोरही काही कमी नसतो. तो शब्दकोशातील सगळे शब्द घरी दळून ठेवील आणि चोरलेल्या पिठाशी ताडून पाहील. यावर मॉरिस आणि टॉम्पसन यांनी दोन उपाय केले. एक म्हणजे गिरणी मुद्दाम मंद केली. एकच प्रक्रिया लागोपाठ २५ वेळा करायची. दुसरा उपाय तर मोठा गमतीचा आहे. दळताना प्रत्येकाच्या गव्हात वेगवेगळे चिमूटभर ‘मीठ’ टाकायचे. (हो, त्याला मीठच म्हणतात!) या मिठाचे ४,०९६ प्रकार होते. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ बहुधा निराळे निघते आणि चोराला प्रत्येक शब्द ४,०९६ प्रकारांनी दळून ठेवावा लागतो.

तरी गहूच किडका असेल तर गिरणी काय करणार? या दोघांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात लोकांचे ३,२८९ परवलीचे शब्द तपासले होते. त्यांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे शेकडा ८६, सहज शोधण्याजोगे निघाले. पंधरा जणांनी तर एकच अक्षर ठेवले होते!

‘लिनक्स’ या प्रणालीने १९९१ नंतर हीच पद्धत उचलली. आज तिच्यातील गिरणी पुष्कळच सुधारलेली आहे. लिनक्सची आज्ञावली कोणालाही वाचता येते. म्हणजे गिरणीचा आराखडा चोराच्याही हाती आहे. त्याने काही बिघडत नाही. गहू कोणते, हे काही आराखड्यात लिहिलेले नसते. उलट हजारो जाणकारांना दोष शोधता येतात, अर्थात त्यांनी खरोखरच शोधले तर.

पिठाची ही फाइल फक्त मुख्य व्यवस्थापकाने वाचावी, अशी सोय असते. ती कशी? लिनक्समधील प्रत्येक फाइलीवर तीन अंक असतात: पहिला मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा इतरांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. यांची बेरीज म्हणजे तो अंक. ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, गटाने नुसते वाचावे आणि इतरांनी हातही लावू नये. ७५० चा अर्थ आता तुम्हीच लावा. फाइल उघडत नाही म्हणून वैतागून ७७७ देणारे महाभाग पुष्कळ आढळतात. ते दार बिजागरीसकट काढून ठेवण्यासारखे आहे.

पण हे अंक पाळायला लावतो तो चालू असलेला लिनक्सच. समजा, कोणी संगणकातील चकतीच काढून नेली आणि आपल्या संगणकाला जोडली. तिथला मुख्य व्यवस्थापक तो स्वतःच! तुमचे ६०० त्याला अडवत नाही. पहारेकरी घरी राहिला आणि पेटी चोराकडे गेली, असा हा प्रकार.

म्हणून लॅपटॉपसारख्या हिंडत्या यंत्रात सगळी चकतीच गुप्तलिपीत लिहितात. लिनक्समध्ये यासाठी ‘लक्स’ नावाची पद्धत आहे. चकतीवरचा मजकूर एका लांबलचक गुप्त संख्येने बदललेला असतो. ती संख्या चकतीवरच ठेवलेली असते, पण तीही तुमच्या परवलीच्या वाक्याने बंद केलेली. वाक्य माहीत नसेल तर चोराला निरर्थक अंकांचा ढीग तेवढा दिसतो. मात्र ते वाक्य तुम्हीच विसरलात आणि दुसरी किल्ली करून ठेवली नसेल, तर तुमच्यापुढेही तोच ढीग येतो. लिनक्स लिहिणाऱ्यांनाही तो उलगडता येत नाही, कारण त्यांनी स्वतःसाठी चोरवाट ठेवलेली नाही. म्हणून जाणकार लोक आधी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या चकतीवर काढतात, ती चकतीही गुप्तलिपीत ठेवतात आणि मगच या कामाला हात घालतात.