कारखान्यांतील इंजिनियरचा दिवस



घरांतला मुलगा किंवा मुलगी इंजिनियरिंगची पदवी घेऊन कारखान्यांत नोकरीस लागली म्हणजे आईबापांस धन्यता वाटते. पगार किती, बस किती वाजतां येते, जेवण तेथें मिळतें कीं डबा द्यावयाचा, येवढी चौकशी आपण अगत्यानें करतों. परंतु दिवसभर तेथें काम काय असतें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. कोणास वाटतें, इंजिनियर यंत्र चालवितो. कोणास वाटतें, तो काचेच्या खोलींत बसून हुकूम सोडतो. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाहीं. पण माझे कित्येक विद्यार्थी पिंपरी-चिंचवड व चाकण या भागांतील कारखान्यांत आहेत. त्यांच्याकडून जें समजून घेतलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

मोटारीला लागणारे पोलादी दांडे, म्हणजे शाफ्ट, घडविणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. काम बहुधा तीन पाळ्यांत चालतें: सकाळीं ६ ते दुपारीं २, तेथून रात्रीं १०, आणि तेथून पुन्हां सकाळीं ६. आपला इंजिनियर आठाच्या सुमारास येतो. बोटांवर पोलादी टोपी असलेले बूट आणि डोळ्यांस जाड चष्मा चढवून तो आधीं यंत्रांकडे जातो व रात्रपाळीची नोंदवही वाचतो. कोणतें यंत्र किती वेळ बंद होतें, कोणतें हत्यार बदललें, किती माल नापास झाला, हें सारें तींत असतें. मग सर्वजण उभ्याउभ्याच दहा मिनिटें बोलतात. पहिला प्रश्न कोणास इजा झाली काय हा. दुसरा मालाच्या गुणाचा. आणि संख्येचा त्यानंतर. हा क्रम पाळणें बोलण्याइतकें सोपें नसतें, हें पुढें दिसेल.

दांड्याचा व्यास ५० मिलिमीटर हवा आणि त्यांत एकंदर १६ मायक्रॉनांची सूट आहे, असें समजा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारणपणें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या चवथ्या हिश्शाहूनही कमी अंतरांत पास आणि नापास ठरावयाचें! आम्हां मास्तरांच्या हातीं इतकी कडक परीक्षा कधीं नव्हती. म्हणून ठराविक वेळानें कांहीं दांडे मोजून त्यांचें माप तक्त्यावर बिंदूंनीं मांडतात. ही तक्त्याची रीत वॉल्टर श्यूहार्ट यांनीं अमेरिकेंत १९२४ सालीं सुचविली. बिंदु एकाच बाजूस सरकूं लागले कीं माल बिघडण्यापूर्वींच सूचना मिळते.

आतां एक कल्पिलेला, पण नेहमींच्या जातीचा प्रसंग घेऊं. यंत्राशेजारीं घेतलेलें माप ठीक आहे. पण तेच दांडे मापनगृहांत नेले कीं कमी भरतात. खोटें कोण बोलतें? दोन्ही मापें खरीं आहेत. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हें आपण शाळेंत कडें आणि गोळा घेऊन शिकलों. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशानें तापला तर सुमारें साडेअकरा मायक्रॉन वाढतो. या हिशेबानें ५० मिलिमीटरचा दांडा १० अंशांनीं अधिक तापलेला असेल, तर जवळजवळ ६ मायक्रॉन फुगतो. म्हणूनच माप २० अंश सेंटिग्रेडला खरें मानावयाचें असा जगभर संकेत आहे. घासून नुकताच निघालेला गरम दांडा मोजला, तो भरला, थंड झाल्यावर आखडला. सोळांतले सहा असे गेले.

येथें दिवसाची खरी कसोटी लागते. दोनशें दांडे तयार आहेत, गाडी दुपारीं निघावयाची आहे, आणि वरिष्ठांना संख्या हवी आहे. ‘एवढ्याशानें काय होतें?’ असें म्हणणारा कोणी तरी भेटतोच. पण बारीक दांडा बेअरिंगमध्यें ढिला बसतो, हलतो, बेअरिंग झिजवितो. आणि त्याचें फळ एखादें कुटुंब ऐन घाटांत भोगतें. जाड राहिलेला दांडा पुन्हां घासतां येतो. बारीक झालेल्यास गेलेलें पोलाद सहसा परत लावतां येत नाहीं. इंजिनियर यंत्र थांबवितो, संशयित मालावर चिठ्ठी लावून तो बाजूस ठेवतो, आणि गाडी उशीरा निघेल हें वरिष्ठांस स्वतः सांगतो. पदवी घेऊन एकदोन वर्षें झालेल्या तरुणास हें सांगणें किती जड जात असेल, याची कल्पना करा.

मग तो कारण शोधतो. जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत तैइची ओनो यांनीं ‘कां?’ हा प्रश्न पांच वेळां विचारण्याची रीत रूढ केली. दांडा बारीक कां? गरम असतां मोजला म्हणून. गरम कां? घासतांना त्यावर पडणारें थंड पाणी, ज्याला कूलंट म्हणतात, तें कमी येत होतें. कमी कां? गाळणी तुंबली. तुंबली कां? वेळेवर साफ केली नाहीं. साफ कां केली नाहीं? तें काम कोणत्याच पाळीच्या यादींत लिहिलेलें नव्हतें! रात्रीच्या कारागिरावर रागावून हें कधींच कळलें नसतें. उलट ‘काका, काल यंत्राचा आवाज कसा होता?’ असें त्यालाच विचारलें, तर गाळणीपर्यंतची निम्मी वाट तोच दाखवितो. वीस वर्षें एका यंत्रापाशीं उभ्या राहिलेल्या माणसाचे कान हेंही एक मापच आहे.

पुढचा दिवस कमी रंगतदार असतो. थंड झालेले दांडे पुन्हां मोजून पास तेवढे धाडावयाचे, संगणकावर अहवाल भरावयाचा, कच्चा माल पुरविणाऱ्याशीं बोलावयाचें, नव्या जोडणीचें रेखाचित्र तपासावयाचें. मात्र दोन वाजतां येणाऱ्या पाळीस गाळणीची गोष्ट सांगून ती यादींत लिहविल्यावांचून त्याचें काम पुरें होत नाहीं. संध्याकाळीं तो घरीं निघतो. पण यंत्रें चालूंच असतात, आणि रात्रीं फोन आला तर तो घ्यावा लागतो.

म्हणून माझी विनंती येवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी कामावरून दमून आली म्हणजे ‘आज किती माल काढलास?’ असें विचारूं नका. ‘आज काय थांबविलेंस?’ असें विचारा. सांगण्यासारखें कांहीं असेल, तर जेवण होईपर्यंत ऐकावयास मिळेल.