लाइट्स, कॅमेरा... हेडफोन!

‘मॅम, ट्रान्झिशन्स कधी शिकवणार?’ शनिवारी सकाळी क्लासमध्ये शिरल्या शिरल्या हा प्रश्न ठरलेला! पुण्यातल्या एका कॉलेजमध्ये मी वीकेंडला व्हिडिओ प्रॉडक्शन आणि एडिटिंगचे बेसिक्स शिकवते. बारा मुलं, बारा मोबाइल, चार जुने कॉम्प्युटर. घाई सगळ्यांना एकच. फिल्टर टाकायचा, म्युझिक चढवायचं आणि अपलोड मारायचं.

माझा पहिला धडा मात्र एकदम बोअरिंग असतो. माइक बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद, जमलं तर फ्रिजही (नंतर आठवणीने सुरू करा, नाहीतर आईचा ओरडा!). आधी दहा सेकंदांची ट्रायल घ्या आणि हेडफोन लावून ऐका. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरा. आणि निघण्याआधी अर्धा मिनिट कुणीही न बोलता त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंग करताना दोन वाक्यांमधली भगदाडं त्यानेच बुजतात.

हे शहाणपण मला फुकटात नाही मिळालं. मास कॉमला असताना आजीच्या जात्यावरच्या ओव्या शूट केल्या होत्या. फ्रेम झकास, उजेड मस्त. माइकही कॅमेऱ्याला नीट जोडलेला, पण त्याचं स्वतःचं बटण ऑफ! हेडफोन मी लावलेच नव्हते. घरी येऊन बघते तर आजीचे ओठ हलताहेत आणि आवाज शून्य. ‘दिवाळीत परत म्हणेन की,’ आजी म्हणाली. त्या दिवाळीला आजी नव्हती.

मराठी पडदा १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये बोलायला लागला. माझी आजी मात्र अजून मूकपटातच आहे.

गेल्या महिन्यात एका मुलाने आईवर तीन मिनिटांची फिल्म आणली. आई घरी ब्लाउज शिवते. फिल्मभर गिटार आणि दर दोन सेकंदांना कट. म्हटलं, ‘म्युझिकचा ट्रॅक म्यूट कर बरं.’ मशीनची खडखड ऐकू आली. मग ती थांबली आणि आई हळूच म्हणाली, ‘थांब रे, दोरा ओवता येत नाहीये. हल्ली नीट दिसतच नाही.’

क्लास चिडीचूप. पोरगा म्हणाला, ‘हे आई कधी बोलली? मी तर समोरच होतो!’

वॉल्टर मर्च हा ‘द इंग्लिश पेशंट’साठी एडिटिंग आणि साउंड अशी दोन्ही ऑस्कर्स जिंकलेला माणूस. कट कुठे मारायचा, याच्या सहा कसोट्या त्याने सांगितल्यात. त्यात एकट्या भावनेला ५१ टक्के वजन! मुलांना हे फळ्यावर लिहून दिलं होतं, पण कळलं ते त्या दिवशी. पोराने रात्री बसून फिल्म नव्याने कापली. गिटार गेलं, आईचं वाक्य राहिलं आणि त्यानंतरची चार सेकंदांची शांतताही.

तर मंडळी, ऑफिसच्या कॉल्ससाठी घेतलेले हेडफोन या रविवारी घरच्यांसाठी वापरा. फोन टेबलावर टेकवा, आईबाबांना बोलतं करा आणि झालं की लगेच ऐका.

पुढच्या शनिवारी तो मुलगा क्लासला लेट आला. आईला डोळे तपासायला घेऊन गेला होता.