शिक्षेच्या कागदावर न दिसणारी हिंसा

कॅनडाच्या फौजदारी संहितेत कौटुंबिक हिंसा नावाचा वेगळा गुन्हा नाही. बायकोला मारणाऱ्यावर खटला चालतो तो मारहाणीचा, धमकीचा किंवा खुनाचा. दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेले कैदी तिथे संघराज्याच्या तुरुंगांत जातात. त्यांतला एखादा दरोड्यासाठी आत आलेला असतो आणि घरी तो कसा वागत होता, याचा शिक्षेच्या कागदावर मागमूसही नसतो. म्हणून हा शोध कैदी दाखल होतानाच घ्यावा लागतो.

कैद्याला नुसते विचारून फारसे हाती लागत नाही. 'एकदाच हात उचलला', 'तिनेच डिवचलं', 'दारू चढली होती' अशीच उत्तरे येतात. खरी माहिती जुन्या कागदांत सापडते: पोलिसांचे अहवाल, मागे घेतलेल्या तक्रारी, बायकोपासून दूर राहण्याचे मोडलेले आदेश. तिच्याकडून काही कळले, तर ते तिच्यावर उलटणार नाही याची काळजी आधी घ्यायची. यात हयगय झाली तर तपासणीच तिच्या जिवावर बेतू शकते.

पुन्हा हिंसा होण्याची जोखीम जोखण्यासाठी ब्रिटिश कोलंबियात 1990च्या दशकात 'सारा' ही मार्गदर्शिका तयार झाली. तिच्या मूळ आवृत्तीत 20 मुद्दे होते; त्यांतले काही: पूर्वीची मारहाण, टोकाचा संशय, शस्त्राचा वापर, अलीकडे वाढलेली हिंसा, लहानपणी घरात पाहिलेली मारहाण, नोकरीतली अस्थिरता, व्यसन. निर्णय मात्र केवळ बेरजेवर ठरत नाही. जिवे मारण्याची खरी वाटणारी धमकी हा एकच मुद्दाही जोखीम मोठी ठरवायला पुरेसा असतो.

उपचार मुख्यतः गटात होतात. घडलेला प्रसंग कैद्याने क्रमाने सांगायचा: ती उशिरा आली, तेव्हा मनात काय आले, हात उठण्याआधी कोणता विचार होता. 'राग अनावर झाला' या सबबीची खरी कसोटी इथे लागते. हाच माणूस साहेबासमोर राग गिळत होता, हे गटातले इतर कैदीच दाखवून देतात. केवळ राग आवरायला शिकवणे अपुरे आहे, कारण मुळाशी बायकोवर आपला हक्क आहे ही समजूत असते. मत्सर, मुलांवर होणारा परिणाम आणि वेळीच बाजूला होण्याची सवय यांवरही काम होते.

तुरुंगातले चांगले वागणे हा बदलाचा पुरावा नव्हे. तिथे बायको समोर नसते. फोनवरून आणि पत्रांतून धाक चालूच राहू शकतो. त्यामुळे सुटकेच्या अटी, संपर्कबंदी आणि नव्या नात्याची माहिती पॅरोल अधिकाऱ्याला देण्याचे बंधन यांचा विचार उपचारांबरोबरच करावा लागतो. नोंदणी केलेल्या पीडितेला सुटकेची तारीख आधी कळवली जाते.