गाडीच्या पोटातली गाळणी

मुलांनो, चहा गाळला की गाळणीत चोथा उरतो. गाडीच्या इंजिनालाही अशीच एक गाळणी असते. तिला ऑइल फिल्टर म्हणतात.

इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून त्यांना तेलाचे वंगण लागते. फिरता फिरता या तेलात काजळी व धातूचा बारीक कीस मिसळतो. फिल्टरच्या डब्यातला घड्यांचा कागद हा कचरा अडवतो.

कागद चोंदला तर? इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. गाडी चालत राहते, पण आतून झिजते. म्हणून तेल बदलताना फिल्टरही बदलावा. नव्या तेलाला जुना फिल्टर म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे!

भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेली मारुती ८०० आजही काही आजोबांच्या दारात दिसते. सुट्टीत गेलात तर मेकॅनिककाकांचे काम नीट पाहा:

१. इंजिन थोडे गरम करून बंद करतात. खालचा नट काढून जुने तेल भांड्यात घेतात.

२. जुना फिल्टर काढतात. त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहतात. राहिली तर तेल गळते.

३. नव्या रिंगला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच घट्ट बसवतात.

४. नवे तेल भरून इंजिन सुरू करतात व गळती तपासतात. मग इंजिन बंद करून, थोडे थांबून, पट्टीवर तेलाची पातळी बघतात.

पालकांसाठी: सिंगापूरमध्ये सीओई दहा वर्षांचे असते. मुदत वाढवून जुनी गाडी ठेवली, तर दरवर्षी तपासणी करावी लागते. तेव्हा ही काळजी हवीच. मात्र हे काम ब्लॉकखालच्या पार्किंगमध्ये न करता वर्कशॉपमध्येच करून घ्यावे आणि काढलेला फिल्टर दाखवायला सांगावा. जुने तेल गटारात कधीही ओतू नये. आपल्या जवळचा अलेक्झांड्रा कालवा सिंगापूर नदीला मिळतो, आणि २००८ साली मरीना बॅरेज झाल्यापासून ते पाणी पिण्यासाठी साठवले जाते.

नवे शब्द: वंगण, काजळी, झडप. प्रत्येकाचे एक वाक्य करून पुढच्या वर्गाला आणा.